गवताच्या मशीनचं इंजिन

सत्यशीला औंढ्याला एका शिलाईच्या दुकानात ब्लाऊज शिवायला जायची. वाडीपासून औंढा नऊ किलोमीटर, आणि मधे खडकाळ, उजाड बरडाचा चढ. सायकल असून तो चढ पायीच चढावा लागायचा. एका हातात हँडल, दुसरा कॅरिअरवरच्या शिवणाच्या गाठोड्याला. दुकानात पोचेस्तोवर पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे.

तिचा नवरा हनुमान एकेकाळी सगळ्या वाडीचे फवारणीचे पंप आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. मागच्या वर्षी कडबा कापायच्या मशीनमधे त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. तेव्हापासून हत्यारांची पेटी बंद होती. तो बाप ज्ञानबाच्या मागं मेंढरं घेऊन बरडावर जायचा आणि त्या हाताला रुमाल गुंडाळून ठेवायचा. गावात जाणं तर त्यानं सोडूनच दिलं होतं.

त्याची पेट्रोलची गवत कापायची मशीन शेडच्या आढ्याला टांगलेली होती. ती चालवायला दोन धडधाकट हात लागतात. तरी कुणी विकत मागितली की तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या. लागंल."

एका रविवारी भाकरी वाढता वाढता सत्यशीलानं विचारलं, "आवं, त्या मशीनचं इंजिन माह्या सायकलला बसतंय का? मोबाईलवर पाह्यलं मी. एकानं बसवलंय."

"मशीन मोडाय लावतीस?"

"मोडाय न्हाई. कामाला लावाय."

"मंग मी गवत कशानं कापू?"

याचं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि कालवण वाढलं. पण न बोललेलंही त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो अर्धी भाकरी ताटात ठेवूनच उठला. आपण उगीच विषय काढला, असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी ती औंढ्याहून आली, तर अंगणात पोतं अंथरलेलं, त्यावर मशीन, आणि शेजारी पेटी उघडी. हनुमान डाव्या हातात पाना धरून बसला होता. कपाळ घामानं डबडबलेलं. दोन बोल्ट निघाले होते, तिसऱ्याचं डोकं घासून गुळगुळीत झालं होतं.

"ह्यो निघून न्हाई राहिला," तो वर न बघता म्हणाला. "तू खोल."

तिनं सायकल भिंतीला लावली आणि पायही न धुता पोत्यावर बसकण मारली.

पुढं आठ-दहा दिवस संध्याकाळी हेच काम. तो सांगायचा, ती करायची. जुन्या बाजेचे लोखंडी अँगल कापून मागच्या चाकावर इंजिनाला बैठक केली. ती वरखाली व्हावी म्हणून दाराची बिजागरी लावली, आणि इंजिनानं फिरणारा लोखंडी रोलर टायरवर दाबून बसावा, त्यानं चाक फिरावं म्हणून स्प्रिंग. ब्रेकचा एक जुना दांडा हँडलला बसवून त्यालाच रेसची तार जोडली. ज्ञानबा तंबाखू मळत बघत बसायचा. "सायकलवर बकरू बांधून राहिलात का रे?" असं त्यानं एकदा विचारलं, तेव्हा हनुमानही हसला.

भांडणंही झाली. "उलटं फिरवून राहिलीस!" तो ओरडला.

"उलटं म्हंजे कोणीकडं? तुमचं उलटं का माहं?"

त्यानं पटकन पुढं होऊन तिचं मनगट धरलं आणि हव्या त्या बाजूला वळवलं. "हिकडं." धरलं ते उजव्या हातानं, अंगठा आणि करंगळीनं. वर्षभरात त्या हातानं त्यानं तिला शिवलं नव्हतं. नट घट्ट होईस्तोवर सत्यशीलानं मनगट तसंच राहू दिलं.

पहिल्या फेरीला सपाटीवर सायकल अशी पळाली की वाडीतली कुत्री मागं लागली. पण चढाला लागताच इंजिन नुसतं किंचाळायला लागलं आणि रबर जळाल्याचा वास आला. सत्यशीला सायकल ढकलत परत आली, तेव्हा हनुमान खाली रस्त्यावरच उभा होता.

"रोलर घसरून राहिला. हितूनच कळलं. लई गुळगुळीत हाय, त्याच्यावर वेल्डिंगचे टिपके माराय पायजेत."

"उद्या जाता जाता धर्मसिंगकडं टाकते," ती म्हणाली. धर्मसिंगचं वेल्डिंगचं दुकान रस्त्यावरच्या गावात होतं.

हनुमाननं रोलर काढून घेतला आणि बराच वेळ तळहातावर फिरवत राहिला. "किती मारायचे, कुठं मारायचे, ते तुला सांगता येणार न्हाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं धुतलेला सदरा घातला, रोलर पिशवीत टाकला आणि पायी निघाला. दुपारी तो परत आला. संध्याकाळी कामावरून येऊन तिनं पाहिलं, तर रोलरवर मक्याच्या कणसासारखे दाणे उमटले होते. हाताचा रुमाल सदऱ्याच्या खिशात होता.

"काय म्हणला धर्मसिंग?" तिनं विचारलं.

"दुखतंय का, म्हणला. थंडीत दुखतंय, म्हणलं. मंग लागला कामाला." रोलर तिच्या हातात देत तो म्हणाला, "येवढंच."

मंगळवारी गाठोडं हँडलला बांधून ती निघाली. चढाच्या पायथ्याला दोन पायडल मारून तिनं दांडा हळूच दाबला. रोलरनं टायर पकडला. सायकल पळाली नाही, पण थांबलीही नाही. भरल्या पोटाच्या म्हशीसारखी निवांत चढत राहिली. नेहमी जिथं ती उतरायची तो पळस मागं पडला. वर पोचल्यावर तिनं उगीचच इंजिन बंद केलं आणि घटकाभर खाली बघितलं. बरडावर मेंढरं पसरली होती आणि त्यांच्यामधे दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकानं हात वर केला. कोणता, ते एवढ्या लांबून दिसलं नाही.

संध्याकाळी ती अंगणात शिरते न शिरते तोच हनुमाननं विचारलं, "चढावर आवाज कसा होता?"

"चांगला होता की."

"चांगला म्हंजे? काढून दाखव."

ती आधी लाजली. मग ज्ञानबाकडं पाठ करून तिनं तोंडानं आवाज काढला: आधी सलग घरघर, मग वरच्या टप्प्याला मधेच एक उचकी.

हनुमान डोळे मिटून ऐकत होता. "पुन्ना काढ बरं," तो म्हणाला. तिनं पुन्हा काढला.

"बराबर. पेट्रोल जास्त जाऊन राहिलंय," असं म्हणत त्यानं पेटी पुढं ओढली. "पाय धुऊन ये. अर्ध्या तासाचं काम हाय."