ब्रेकचा दिवस

अच्छाडला हायवेवर नवं खासगी हॉस्पिटल उघडलं, तेव्हा मालकांनी डॉक्टर योगिताला बोलावून कायम नोकरीचं पत्र हातात दिलं. पगार, रजा, फंड, सगळं व्यवस्थित. तिचा नवरा उमेश कैनाडच्या शाळेत मास्तर. तो म्हणाला, "डोळे झाकून सही कर. सरकारी दवाखान्यात सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घासलीस, काय पदरात पडलं?" पण बाई हट्टी. हॉस्पिटल बघायला गेली, तर अपघातातला एक क्लीनर स्ट्रेचरवर विव्हळत पडलेला आणि काउंटरवरचा माणूस विचारतोय, नातेवाईक कोण, सही कोण करणार? तोवर डॉक्टरने हात लावायचा नाही, असा तिथला नियम. योगिताने पत्र तिथल्या तिथे परत केलं. "मी आधी माणसाला हात लावते, मग नाव विचारते," असं घरी येऊन तिने उमेशला ठणकावलं.

खोटं नव्हतं ते. पण कंत्राटातही एक मेख होती. अकरा महिने भरले की एक दिवस खंड. सगळे त्याला ब्रेक म्हणत. सलग नोकरी झाली तर माणूस उद्या म्हणेल ना, मला कायम करा! म्हणून ही युक्ती. काल डॉक्टर, उद्या डॉक्टर, आज कोणी नाही. क्वार्टरमध्ये बसा आणि वाल सोला. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवशी झटके आलेल्या एका मुलीला तिने इंजेक्शन दिलं आणि केसपेपरवर सही केली. मुलगी वाचली. नोकरीवर नसताना सही का केली म्हणून हिला मेमो आला, पुढच्या कंत्राटाची ऑर्डर चार महिने अडली. कायम करायच्या यादीत नाव लागेल या आशेवर बसलेली ती, त्या चार महिन्यांत पार खचली. तेव्हाच तिने कानाला खडा लावला.

२०१८च्या नोव्हेंबरात पुन्हा ब्रेक आला. भर दुपारी संगीता सिस्टर धापा टाकत क्वार्टरवर आली. "मॅडम, नाग चावलाय! पापण्या मिटतायत त्याच्या."

शुक्रा त्याचं नाव. पंचविशीतला गडी, गवत कापायला गेला होता. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला, सोबत बायको बुधी. मोठे साहेब पालघरला मीटिंगला, दुसरे डॉक्टर शिबिराला, अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली.

योगिता पळत आली आणि इमर्जन्सीच्या दारातच थबकली. विषावरचं औषध समोरच्या फ्रीजमध्ये होतं. डॉक्टरने सांगितल्याशिवाय सिस्टर ते देणार नव्हती.

"थांब, साहेबांना विचारते," योगिता म्हणाली आणि फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात हेडक्लार्क नविनभाई मागून आले. "मॅडम, हात नका लावू हं. तुमची ऑर्डर उद्या सहीला आहे. आज काही झालं तर गेलीच समजा. मग माझ्याकडे येऊ नका."

"मॅडम, ऑक्सिजन लावला," संगीता आतून ओरडली. "पुढचं सांगा ना!"

योगिताने तिसऱ्यांदा फोन लावला. बुधी नवऱ्याच्या पायाशी उभी राहून तिच्याकडे बघत होती.

अशी वीस मिनिटं गेली. वीस! शुक्राचा श्वास अडखळला, तेव्हा कुठे फोन टाकून ती आत धावली. औषध दिलं, घशात नळी घातली, छाती दाबून दाबून हात भरून आले. उपयोग झाला नाही. शुक्रा गेला.

अगं बाई, जायचंच होतं आत, तर आधी का नाही गेलीस? तिला कोणी विचारलं नाही. तिला उत्तर ठाऊक होतं, आणि त्याने तिचा जीव नुसता जळत होता.

नविनभाईंनी रजिस्टरात लिहून घेतलं, डॉक्टर उपलब्ध नाहीत. "तुमचं नाव कुठेच येत नाही," ते हळूच म्हणाले. "सुटलात." नाही, मी होते, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. मग तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑर्डर आली. आणखी अकरा महिने. ती हजर झाली आणि पहिलंच काम समोर आलं ते शुक्राच्या पोस्टमॉर्टेमचं. करायलाच हवं होतं, केलं. मग कागद पुरा करायला ती बाहेर व्हरांड्यात आली. बुधी भिंतीला टेकून बसली होती.

"काल किती वाजता आणलंत त्याला?" योगिताने विचारलं.

"घड्याळ नाही कळत बाय मला," बुधी म्हणाली. "आणला तवा तुम्ही दारात उभ्या होत्या. मला वाटलं डॉक्टर यायचा हाय, तुम्ही पण त्याचीच वाट बघता."

तिने पदराने तोंड पुसलं.

"मग तुम्ही आत आल्या, तवा समजलं, डॉक्टर तुम्हीच."