अमेरिकेच्या टीव्हीतली गंगी

गंगी गेली ते सकाळी कळलं. तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते कळायला दुपार झाली.

तिला पोचवून माणसं पोशेऱ्याच्या पाड्यावर परतली. गंगीचा नवरा रघ्या ओटीवर पाय सोडून बसला. शेजारची रुपी, गंगीच्याच वयाची, पाण्याचा तांब्या घेऊन आली. आत टीना पोराला निजवत होती. तिच्याकडे बघून रुपी म्हणाली, "आता हिचं लगीन कोण लावील रं?"

टीना रघ्याची सून. तुषारबरोबर नांदायला येऊन तिला काही वर्षं झाली होती, पोरगंही चालायला लागलं होतं, फक्त लग्न व्हायचं होतं. त्यात वावगं काही नाही, पाड्यात तसंच चालतं, जमेल तेव्हा लग्न लावतात. शिवाय या घराला घाई कशाची? लग्न लावणारी धवलेरी घरातच होती. गंगी मांडवात बसून गायची, पाड्याच्या एकेका देवाला नावाने बोलवायची. सगळे देव येऊन बसले की लग्न लागलं. साऱ्या पाड्याची लग्नं तिने लावली. घरचं तेवढं ठेवलं, कारण घरचं काय, कधीही होईल.

"तुला येत असंल की गाणं," रुपी म्हणाली. "जल्मभर तिच्या मागं लग्नांना जात होतास."

"मी मांडवाबाहेर बसायचो."

"ठावं हाय. ताडीच्या मडक्यापाशी बसायचास."

रघ्याने तांब्या तोंडाला लावला. मग एकदम त्याला मेम आठवली.

मेम अमेरिकेची होती, लग्नाची गाणी टिपून घ्यायला आलेली. पाड्यातल्या बाबल्याच्या लग्नात ती कॅमेरा घेऊन गंगीसमोर बसली होती, पहिल्या देवापासून शेवटच्यापर्यंत. पुढे तिने पोस्टाने एक चकती पाठवली. तुषारने नुकताच भिवंडीहून जुना टीव्ही आणि चकती लावायचं यंत्र आणलं होतं. सारा पाडा गोळा झाला. चकती फिरू लागली आणि गंगी आली, पण रंग नाही, आणि सरळ उभीही राहीना. पाय वर, डोकं खाली, अशी ती पडद्यावर सरकत चढायची आणि पुन्हा खालून यायची.

"धरा गे तिला कुणी!" गंगीच ओरडली. "मला इथं बसून चक्कर येते!"

पाडा असा हसला की पोरं जागी झाली. तुषारने यंत्र बंद केलं. चकती खराब निघाली असं ठरलं. गंगीने तिच्यात सुतळी ओवली आणि नाचणीच्या शेतात बांबूला टांगली. "अमेरिकेत सरळ उभं राहाय नाय जमलं, तर इथं पाखरं हाकलीन." पोपट चार दिवस भ्याले, मग ते बांबूवरच बसू लागले.

गंगीला पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी रघ्याने ती चकती उतरवली, धोतराला पुसली आणि मोखाड्याहून जव्हार गाठलं. तिथे दिपेशचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. दिपेशने चकती उजेडात धरली.

"बाबा, ही कुठे टांगली होती?"

"शेतात."

"शेतात कशाला?"

"पाखरांना."

मग रघ्याने उलट्या गंगीची सगळी हकीगत सांगितली. दिपेशने चकती लावली, खटपट केली आणि म्हणाला, "खराब नव्हतीच ही. अमेरिकेच्या टीव्हीची चित्र काढायची पद्धत वेगळी, आपल्याकडची वेगळी. तुमच्या जुन्या डब्याला तिकडची समजली नाही, एवढंच. आपल्या पद्धतीत बदलून देतो. मग सरळ दिसेल."

"गाणं पण बदलावं लागंल?"

"गाण्याला काय करायचंय? आवाजाला अमेरिका आणि मोखाडा सारखेच. तेव्हाही तो नीटच येत असणार. तुम्ही ऐकला नाहीत?"

रघ्या म्हणाला, "आम्ही हसत होतो."

पुढच्या आठवड्यात तो परत गेला. दिपेशने नवी चकती लावली. गंगी आली. सरळ, रंगीत, हिरव्या लुगड्यात, कपाळावरचं कुंकूसुद्धा जागेवर. रघ्याने डोक्यावरची टोपी नीट केली. ती गाऊ लागली आणि देव येऊ लागले, एकामागून एक. धान्याची देवी कणसरी, तिचं नाव तिने अर्धं घेतलं आणि तिच्या तोंडाचे चौकोन झाले. आवाज एकाच अक्षरावर टकटक करत राहिला. मग पडदा काळा.

"पुढचं?"

"पुढचं गेलं, बाबा. चकतीत सगळं मधून सुरू होतं आणि काठाकडे जातं. काठ बांबूवर घासलाय. शेवट काठावर होता." दिपेशला म्हाताऱ्याची दया आली. "हवं तर सुरुवातीचं गाणं शेवटी परत जोडून देतो. लोकांना कळत नाही."

"देवांना कळंल. येऊन बसलेल्याला परत बोलावलं तर तो म्हणंल, मला उठवता का?"

"मग त्या बाईंकडे असेल पूर्ण. नाव काय त्यांचं? पत्ता?"

नाव मेम. पत्ता होता चकती आली त्या खोक्यावर. खोक्याने गंगीने चूल पेटवली होती.

घरी पुन्हा पाडा जमला. या वेळी कोणी हसलं नाही. गंगी असती तर तिलाच चुकल्यासारखं वाटलं असतं. टीना रोज चकती लावते. कणसरीपर्यंत तिला आता पाठ आहे, आवाजही बरा लागतो. पोरगं त्या एका अक्षराची टकटकसुद्धा हुबेहूब म्हणतं.

"दाभोशाच्या पाड्याची धवलेरी आण," रुपीने सुचवलं. "देव ते देव."

"ती तिचे बोलवंल. आपले मांडवाबाहेर बसतील."

"तुझ्यासारखे."

"माझ्यासारखे," रघ्या म्हणाला.

त्याने जवळपासच्या पाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांना विचारून पाहिलं. सगळ्या सवयीने म्हणाल्या, ते गंगीला विचार.

कणसरीच्या पुढचे देव कोण, ते अजून कुणाला माहीत नाही. तुषार आणि टीनाचं लग्न लागायचं राहिलं आहे.