आईची टाच आणि बाबांची सुई

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी आईला रोज घरभर चालायला सांगितलं होतं. आई मात्र "दुखतं गं" म्हणत खुर्चीला चिकटलेली. "सांधा आखडतोय, आत्ता नाही हलवला तर कायमचा तसाच राहील," बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं.

खरं कारण दुखणं नव्हतंच. घर वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. कुणी टाच टेकवली की कपाट डुलायचं आणि त्यावरच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई टुणकन उडायची. म्हणून गाणं लागलं की आमच्याकडे सगळे मांजरपावलांनी वावरायचे. आईच्या वॉकरला कुठली मांजरपावलं? आणि निवृत्त बाबा दिवसभर गाणी लावून बसलेले.

"बंद करायला सांग ना त्यांना," मी आईला म्हटलं.

"त्यांना दुसरं आहे काय गं?"

म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात. प्लेअरखाली स्पंज घातला, तर तो होडीसारखा हेलकावायला लागला. मग दगडी फरशी घातली, तर सुई पूर्वीसारखीच उडाली.

"आता पुढची फरशी खालच्यांच्या डोक्यात पाड," बाबा म्हणाले.

पण माझ्या डोक्यात उजेड पडला. हलत होती जमीन, आणि मी लाड करत होते प्लेअरचे! त्याला जमिनीवरून उचलून भिंतीवरच टांगायला हवा होता. मी ड्रिल मागून आणलं.

"माझ्या भिंतीला भोकं?"

"भोकं लांबी भरून बुजवता येतात, बाबा. आईचा गुडघा आखडला तर काय लांबी भरणार? सुई उडू नये म्हणून बसून आहे ती."

बाबांनी उठून प्लेअर बंद केला.

"नाही, बंद नको. अहो, लावा तुम्ही," आई कळवळली.

वायर पुरते म्हणून मी दोन खोल्यांमधल्या भिंतीवर फळी ठोकली. आई उठली, एक पाऊल टाकलं, सुई उडाली. आई लगेच परत खुर्चीत. ती भिंत त्याच फळ्यांवर उभी होती, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

"काढ ती," बाबा म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते भिंतींवर बोटाने टकटक करत खोलीभर फिरले आणि बाहेरच्या विटांच्या भिंतीपाशी थांबले. "इथे. ही फळ्यांवर उभी नाही. वायर मी लांब आणतो."

लोखंडी अँगल त्यांनी धरले, भोकं मी पाडली. फळी समतल होऊन पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत आमची तीनदा भांडणं झाली.

गाणं लागलं. आई उठली आणि चोरासारखं पाऊल टाकलं.

"अशी नाही. टाच टेकव," बाबा म्हणाले.

तिने टेकवली. फळ्या करकरल्या, कपाटातले कप किणकिणले. गाणं आपलं चालूच. आई खिडकीपर्यंत गेली, चेहरा वाकडा करून थांबली.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंयच. बघत काय बसलीस? दार उघड, आतल्या खोलीतही जायचंय मला."