कंगव्याची सुट्टी

गुंता कसलाही असो, रफूवालीपुढे तो फार वेळ टिकत नसे. लॉन्ड्रीच्या काउंटरमागे, खिडकीपाशी, तिची खुर्ची होती. कसरीने खाल्लेली स्वेटरं आणि सिगारेटने जळालेले कोट ती असे रफू करून द्यायची, की भोक कुठे होतं ते खुद्द मालकालाही दाखवता येत नसे. गुंता सोडवणं हा तिचा फुकटातला जोडधंदा. शेजारीपाजारी गळ्यातल्या साखळ्या, लोकरीचे गुंडे, इअरफोनच्या वायरी घेऊन यायचे. कात्री ती कधी लावत नसे. "कापायला काय अक्कल लागते?" असं वर म्हणायची. आणि एकदा केलेलं काम पुन्हा उसवायची वेळ आली, तर नाक कापल्यासारखं तोंड करून बसायची.

अशा बाईच्या पोटची मुलगी एका शनिवारी संध्याकाळी डोक्यावर त्रेपन्न जटा घेऊन घरी आली.

"हे काय गं?"

"ड्रेडलॉक्स. सकाळपासून सात तास बसले होते खुर्चीत."

"गुंता करून घ्यायला सात तास? मी तुझा गुंता सात मिनिटांत काढायचे."

"हा निघत नाही, आई. कायमच्या आहेत."

कायमच्या! हे मात्र रफूवालीने मनाला लावून घेतलं. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. तो टकलावरून हात फिरवत म्हणाला, "माझ्याकडे बघा. ना गुंता, ना कंगवा."

"तुम्ही गप्प बसा हो. तुमच्या डोक्याचा विषय केव्हाच मिटलाय."

लेकीने पथ्यं सांगितली. कंगवा बंद. तेल बंद. आठवड्यातून एकदा धुवायचं आणि पार आतपर्यंत वाळवायचं, नाहीतर कुबट वास येतो. झोपताना गुळगुळीत कापडाची टोपी घालायची. केस वाढले की मुळाशी मोकळे होतात, म्हणून दर दीड महिन्याने मुळं बारीक क्रोशाच्या सुईने आवळून घ्यायची.

"एवढं पथ्य तर मी तुझ्या वेळच्या बाळंतपणात पाळलं नव्हतं," रफूवाली म्हणाली. नवरा पेपरामागे हसला.

पण तिला लागलं होतं ते वेगळंच. लेक एकोणतीस वर्षांची, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची, चार माणसांत तिच्या हाताचं नाव होतं. तरी दर रविवारी संध्याकाळी ती लहानपणीच्या बुटक्या स्टुलावर आईकडे पाठ करून बसायची आणि आई तिचे केस विंचरायची. या दोघी समोरासमोर बसल्या की तिसऱ्या वाक्याला भांडण ठरलेलं. पण पाठ फिरवली, डोक्यात कंगवा फिरू लागला, की लेकीचं तोंड आपोआप उघडायचं. नापास झाल्याचं तिने तिथेच सांगितलं होतं. ठरलेलं लग्न मोडायचंय, हेही तिथेच. आता कंगव्यालाच सुट्टी मिळाली म्हटल्यावर ती कशाला पाठ करून बसेल?

पुढचे चार रविवार स्टूल भिंतीशी उभं राहिलं. जेवताना लेक दोनदा "आई, अगं..." म्हणून थांबली. रफूवालीने लगेच मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथेच चुकलं. "मीठ दे," एवढंच लेक म्हणाली. लेकीच्या मनात काहीतरी आहे आणि ते आपल्यापर्यंत येत नाहीये, या विचाराने रफूवालीला घास गोड लागेना.

माणसाचा जीव कासावीस झाला की हात आपल्या ओळखीच्या कामाकडे वळतात. रविवारी दुपारी लेक पालथी झोपली होती. टोपी सरकून मानेवरची एक जट बाहेर आली होती. रफूवालीने डब्यातली सर्वांत बारीक सुई काढली. फक्त टोक बघावं, निघतं की नाही. तासाभरात बोटभर केस मोकळे झाले. पुढच्या रविवारी आणखी तीन बोटं.

"अगं, तिला कळलं तर?" दारातून नवरा कुजबुजला.

"कळेल कसं? मागे डोळे आहेत का तिला?"

डोळे नव्हते, पण हात होता. सोमवारी सकाळी लेक ती झिपरी जट मुठीत धरून स्वयंपाकघरात आली.

"आई, हे उंदराने केलं का?"

नवऱ्याने चहाचा कप उचलला आणि गॅलरी गाठली. रफूवालीने आधी भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. शेवटी म्हणाली, "निघते का ते बघत होते."

"मी सात तास बसले होते! तुला माझं काहीच आवडत नाही का?"

"आवडतं गं," रफूवाली एकदम म्हणाली. "तू स्टुलावर बसायचीस ते आवडतं. आता बसत नाहीस."

लेकीने मुठीतली जट सोडली. म्हणाली, "हे आता कोण निस्तरणार?"

"मीच. ज्याने उसवलं त्याने शिवावं."

स्टूल पुढे आलं. रफूवालीने क्रोशाची सुई घेतली, शेजारची जट चष्म्यातून नीट निरखली, वीण कशी जाते ते समजून घेतलं आणि कामाला लागली. अर्ध्या तासाने लेक चाचपत राहिली. कुठली जट उसवली होती, तेच तिला सापडेना.

"मुळंही सैल झालीत," रफूवाली सहज बोलल्यासारखं म्हणाली. "सगळी एकदम आवळली तर डोकं दुखेल तुझं. दर रविवारी नऊ घेऊ. सहा रविवारांत होतील."

"आणि मग?"

"मग पहिल्या नऊ पुन्हा सैल झालेल्या असतील ना!"

गॅलरीतून आवाज आला, "हिशेब पक्का आहे हो बाईचा!"

रविवारी संध्याकाळी लेक पाठ करून बसली. सहा जटा झाल्या, सात, आठ. लेक लॅबमधल्या पंख्याबद्दल, नव्या यंत्राबद्दल बोलत होती. नववीचा शेवटचा टाका ओढला गेला आणि तेव्हाच ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मी नोकरी सोडतेय. स्वतःची लॅब काढायचीय. आणि मला फार भीती वाटतेय गं."

रफूवालीने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सुई उलटी धरली आणि आत्ताच आवळलेली नववी जट मुळाशी गुपचूप सैल केली.

"मान सरळ ठेव," ती म्हणाली. "एक नीट बसली नाही, परत करते. तू सांग, अगदी पहिल्यापासून."