निळं पाणी

वर

पालिकेच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर गवत उगवलंय, असं सगळं कार्यालय म्हणायचं. ती दर वेळी समजावून सांगायची. गवत नाही, नऊ जातींची रोपं आहेत, जाड पानांची, उन्हाला भीक न घालणारी. त्यांच्याखाली वीतभर हलकी माती, मातीखाली खडी, खडीखाली काळा जलरोधक थर. ऐकणारा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "तेच, गवत."

म्हणून तिचं नाव गच्चीबाई पडलं. हुद्द्याने ती कनिष्ठ अभियंता होती, पण हुद्दा पगारपत्रकात राहतो आणि टोपणनाव जिन्यात, कँटीनमध्ये, सगळीकडे पुढे पळतं.

छप्पर मात्र काम करत होतं. आधी जोराचा पाऊस आला की अंगणात तळं व्हायचं आणि दाखल्याच्या रांगेतली माणसं चपला हातात घेऊन उभी राहायची. आता निम्मं पाणी गच्चीच पिऊन टाकायची. उरलेलं हळूहळू पाइपातून अंगणाखालच्या टाकीत उतरायचं आणि तिथून संडासांना जायचं. हे एक छप्पर टिकलं तर आणखी सात होणार होती: शाळा, दवाखाना, वाचनालय आणि अशाच चार इमारती. सातही फायली मंजुरीसाठी साहेबांच्या टेबलावर होत्या, एकीवर एक.

हे टिकलं तर.

खाली

कारण त्याच गच्चीच्या बरोबर खाली, दप्तरखान्यात, सात नंबरच्या रॅकवर थेंब पडत होता.

दप्तरखाना म्हणजे शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांची खोली, आणि दप्तरी काका म्हणजे तीस वर्षं त्या वह्यांजवळ बसलेला माणूस. त्यांनी संडासातली बादली आणून रॅकवर ठेवली होती. त्याला तीन आठवडे झाले होते. संडासाला जाणारा प्रत्येक जण आधी दप्तरखान्यात डोकावून बादलीची चौकशी करायचा, त्यामुळे काकांचा स्वभाव आणखी बिघडला होता.

"या गच्चीबाई," ते म्हणाले. "तुमचं तीर्थ घ्या."

"काका, ते माझ्या छपरातून येत नाहीये."

"मग काय माझ्या डोळ्यांतून येतंय?"

"माती टाकायच्या आधी आपण अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवलं होतं वर. तुम्हीच इथे खुर्ची टाकून बसला होतात. पडला होता का एक तरी थेंब?"

"नव्हता पडला," काका म्हणाले. ते कडवट होते, पण खोटारडे नव्हते. "पण आता पडतोय. साठ वर्षांपूर्वीची जन्माची वही भिजली, बाई. त्या वर्षी जन्मलेली माणसं आता पेन्शनसाठी दाखला मागायला येतील. त्यांना काय सांगू, तुम्ही विरघळलात?"

आदेश

गच्चीवरील हरित छप्पर गळतीचे कारण ठरत असल्याने संपूर्ण उतरवण्यात यावे. काम सोमवारी सकाळी नऊ वाजता सुरू करावे.

खाली साहेबांची सही. वर तारीख मंगळवारची.

साहेबांच्या खोलीत

"साहेब, कारण ठरलं कधी?"

"बादली बघितलीत ना?"

"बादलीत पाणी दिसतं. कुठून आलं ते दिसत नाही. त्याच खोलीवर जिन्यावरची, बेसिनच्या पाण्याची टाकी आहे, शेजारी संडास आहेत. मला शुक्रवारपर्यंत द्या."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. तक्रार आली की ती सगळ्यात मोठी वस्तू उचलून मिटवायची, एवढीच त्यांची पद्धत होती. "आणि शुक्रवारी छपरातूनच येतंय असं निघालं तर?"

"तर माती मी स्वतः उतरवीन. माझ्या हातांनी."

बोलून गेली आणि मग तिला कळलं की खोलीत टंकलेखक बाईही बसल्या आहेत. म्हणजे दुपारपर्यंत शब्द सगळ्या इमारतीचा होणार.

घरी

तिचे बाबा पालिकेच्या नळदुरुस्तीतून निवृत्त झालेले. गुडघे गेले होते, कान मात्र अजून जमिनीखालचा पाइप ऐकू येईल असे.

"माणसांना काय विचारत बसलीस," ते म्हणाले. "पाण्यालाच विचार की."

"कसं?"

"पाणीपुरवठ्याच्या कोठारात रंगाची पूड असते. कुठल्या नळात कुठलं गटार घुसलंय ते शोधायला आम्ही वापरायचो. बाधत नाही कोणाला. तीन संशयित, तीन रंग. खाली जो उतरेल तो चोर."

"छपराला निळा," ती म्हणाली. "टाकीला लाल. संडासाला पिवळा."

"संडासाला पिवळा नको, पोरी. गैरसमज होतील."

"बरं, हिरवा."

ती ताटावरून उठायला लागली तसे बाबा म्हणाले, "आणि एक ऐक. निळा आला तर?"

"नाही येणार."

"आला तर, म्हणतोय मी."

 तिने ताट जरा जोरात ठेवलं.

फळा

बुधवारी सकाळी नऊ वाजता तिने गच्चीवरच्या पाइपांची तोंडं पोत्यांनी बुजवली आणि मातीत बसवलेल्या तपासणीच्या डब्यांतून निळं पाणी थेट मातीखाली सोडलं, चार बोटं चढेपर्यंत. टाकीत लाल, संडासात हिरवा. दहा वाजता जिन्यातल्या सूचनाफळ्यावर खडूने लिहिलेलं होतं:

निळा – साहेब, लेखा विभाग (सगळे), टंकलेखक बाई
लाल – शिपाई मामा, पाणीपट्टीची खिडकी
हिरवा – कँटीन
हरणाऱ्याने चहा पाजायचा.
गच्चीबाईंनी भाग घेऊ नये, त्या पक्षपाती आहेत.
काकांनी मत राखून ठेवले आहे.

दिवसभर बेसिनला लाल पाणी आलं. ज्याने त्याने हात धुतले आणि दुपारपर्यंत सगळं कार्यालय रंगेहाथ पकडल्यासारखं दिसायला लागलं. दप्तरखान्यात काकांनी बादलीच्या तळाशी पांढरा कागद घातला होता. पाऊस नुसता भुरभुरत होता. बुधवारी कागद कोरडा. गुरुवारी सकाळी कोरडा. दुपारी शिपाई मामांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "बाई, तुमचं जमलं बघा." तिने हसून घेतलं आणि हसताना तिला बाबांचं 'आला तर' आठवलं.

गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी

टप.

काकांनी तिला हाक मारली नाही. ते स्वतः तिच्या टेबलापाशी आले, कागद दोन्ही हातांत आडवा धरून, जसं काही त्यावर काही तरी जिवंत आहे.

निळा. गव्हाएवढा. निळाच.

"मी अजून कोणाला दाखवला नाही," काका म्हणाले.

ती कागदाकडे बघत राहिली. मग उठून तिने मोजपट्टी घेतली.

"काय करताय?"

"कोण ते कळलं. आता कुठे ते बघते. काका, तुम्ही टोक धरा."

थेंबापासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत तीन मीटर चाळीस. दक्षिणेच्या भिंतीपर्यंत दोन मीटर दहा. आकडे तळहातावर लिहून ती जिना चढली, मागून काका, एकेका पायरीला एकेक सुस्कारा सोडत. वर तिने पूर्वेच्या कठड्यापासून तीन चाळीस मोजलं, दक्षिणेकडून दोन दहा. मोजपट्टी पुढेपुढे सरकत गेली आणि एका लोखंडी पायावर जाऊन आपटली.

तो पाया उद्घाटनाच्या फलकाचा होता.

एक शब्द

गेल्या वर्षी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती इथेच उभी होती, फोन कानाला, रोपांचा टेंपो कुठे अडकलाय ते विचारत. फॅब्रिकेटर फलकाचा सांगाडा घेऊन आला होता.

"बाई, नुसता ठेवला तर वाऱ्याने जाईल. खाली बोल्ट मारू का?"

आणि ती टेंपोवाल्याशी बोलता बोलता, मान न वळवता म्हणाली होती, "मार."

मारू का. मार. चार बोल्ट स्लॅबमध्ये गेले, आणि जाताना ज्या थरात त्याआधी अठ्ठेचाळीस तासांत एक थेंब मुरला नव्हता, त्या थरातून गेले. वर्षभर गंज बोल्टच्या कडेकडेने वाट करत राहिला असणार. तिला तो शब्द आज, ह्या क्षणापर्यंत, आठवलाही नव्हता. फॅब्रिकेटरलाही आठवत नसणार. फलकावर नाव साहेबांचं होतं. 'साहेबांच्या फलकामुळे गळतंय' एवढंच म्हटलं असतं तर कार्यालय महिनाभर हसलं असतं आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं.

काका धापा टाकत तिच्याकडे बघत होते.

"काय झालं, बाई?"

"चोर सापडला," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. "साहेबांना वर बोलवा. तोवर मी माती काढते. शब्द दिलाय."

परत वर

साहेब उद्घाटनानंतर पहिल्यांदाच गच्चीवर येत होते. ते पोचले तेव्हा फलकाचे चारही पाय उघडे पडले होते, रोपं एका बाजूला ओल्या पोत्यावर नीट लावून ठेवलेली, आणि ती कोपरापर्यंत मातीत. प्रत्येक बोल्टच्या भोवती गंजाचं कडं होतं आणि कड्यात निळं पाणी.

"हे कोणी मारले?"

"फॅब्रिकेटरने."

"कोणाला विचारून?"

"मला. मी म्हटलं, मार."

साहेबांनी आधी तिच्याकडे, मग फलकावरच्या स्वतःच्या नावाकडे बघितलं. "म्हणजे चूक तुमचीच."

"हो. मी लिहूनच देते तसं."

"आणि निळाच आला. मग आदेश कायम."

"चूक माझ्या नावावर लावा साहेब, छपराच्या नावावर नको. तिथली माती मी काढलीच आहे. बोल्ट निघाले, भोकं बुजली, थराला ठिगळ लागलं की मी परत पाणी भरते. उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्ती. शनिवारी सकाळी नऊ ते सोमवारी सकाळी नऊ, अठ्ठेचाळीस तास. तेव्हा एक थेंब आला तर तुमची माणसं नऊ वाजता येतीलच, मी त्यांच्यात टोपली घेऊन उभी असेन."

"आदेश निघालाय, बाई."

तेव्हा काका खाकरले. "साहेब, तीस वर्षं मृत्यूचे दाखले देतोय. त्यात कारणाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवून दाखला निघत नाही. ह्या छपराचा मृत्यू तुम्ही सोमवारी लावलाय. रकान्यात काय लिहू? फलक?"

साहेब कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली अंगणात दाखल्याची रांग होती, सगळ्यांच्या चपला पायांत.

"आणि फलकाचं काय?" शेवटी त्यांनी विचारलं, जरा हळू आवाजात.

"खाली दारातल्या भिंतीवर लावू," ती म्हणाली. "तिथे माणसं वाचतील. इथे कावळेच वाचतात."

"सोमवार, नऊ," साहेब म्हणाले. "नऊ म्हणजे नऊ." जिन्यात उतरताना ते शिपाई मामांना म्हणाले की निळ्यावर आपणच लावलं होतं, तेव्हा चहा बाकी आहे.

सोमवार

शनिवारी ती आली. रविवारीही आली, सुट्टी असून. काकाही आले, "घरी करमत नाही" म्हणून. खालच्या खोलीत दोघं बसून भिजलेल्या वहीची पानं एकेक करून वेगळी करत होती, प्रत्येक पानात कोरा कागद घालत. काकांनी तिला एकदाही गच्चीबाई म्हटलं नाही. तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सोमवारी पावणेनऊला ठेकेदाराची सहा माणसं अंगणात उभी होती, फावडी आणि टोपल्या घेऊन. नऊला पाच कमी असताना साहेब दप्तरखान्यात आले. त्यांच्या मागे अर्धा लेखा विभाग.

काकांनी बादलीतला कागद उचलला, उजेडाकडे धरला, उलटा करून धरला, बोटाने चाचपला. घड्याळात नऊ वाजू दिले.

"कोरडा," ते म्हणाले. मग सात नंबरचा रॅक फडक्याने पुसला, साठ वर्षांपूर्वीची वही आपल्या जागी ठेवली आणि बादली शिपाई मामांच्या हातात दिली. "न्या हिला संडासात. विचारून विचारून जीव खाल्ला लोकांनी."

साहेबांनी आदेशाचा कागद घडी करून खिशात घातला. "सात फायली आहेत ना तुमच्या? दुपारी या घेऊन माझ्याकडे."

"तुमच्याच टेबलावर आहेत, साहेब."

"मग नुसत्या या."

ती अंगणात उतरली. सहा माणसं अजून तशीच उभी होती, आता करायचं काय ह्या विचारात. "आलाच आहात," ती त्यांना म्हणाली, "तर वरचा फलक तेवढा खाली आणा. सांभाळून, रोपांवर पाय नको."

फलक जिन्याने खाली आला. तिने बोलावून ठेवलेल्या त्याच फॅब्रिकेटरने तो दारातल्या भिंतीला टेकवला आणि ड्रिल हातात घेतलं. तिचा फोन वाजत होता. पलीकडे शाळेचे मुख्याध्यापक असणार, त्यांना फायलीची घाई होती.

"बाई, इथे मारू का?"

तिने फोन तसाच वाजू दिला. "थांब," ती म्हणाली, आणि भिंतीच्या मागे काय काय आहे ते बघायला आत गेली.