पांढऱ्यावर पांढरं

मी टी बोलतोय. पुस्तकाची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधलं अक्षरांचं टूल. पडद्याच्या कडेला एक लहानशी पेटी असते, तिच्यात आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलेले असतो. एक रेघा मारतो, एक चौकटी आखतो, एक चित्रं कापतो. माझ्या घरावर इंग्रजी टी काढलेला, म्हणून हेमांगी मला टी म्हणायची. माझ्यावर क्लिक केलं की मी बारीक उभ्या रेघेचं रूप घेऊन पानावर उतरतो आणि लुकलुकत उभा राहतो. मग कुणीतरी बोटं चालवतं आणि माझ्या पावलांमागे अक्षरं उमटत जातात.

जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. परदेशातल्या कुणी कुणी आकडे जुळवून मला घडवलं म्हणे. जाग आली ती दिल्लीच्या टोकाला वसत असलेल्या द्वारकेत, फ्लॉपींच्या गठ्ठ्यातून तुकड्यातुकड्यानं हेमांगीच्या कॉम्प्युटरमध्ये उतरलो तेव्हा. द्वारका त्या वेळी अर्धी इमारती आणि अर्धं आकाश अशी होती. मेट्रो यायची होती. सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर यायचा, रस्त्यांना नावांऐवजी नंबर होते, आणि विमानं इतकी खालून जायची की पडद्यावरचं पान थरथरल्यासारखं वाटायचं. दुपारी धुळीतून गाळून आलेलं ऊन खोलीत पसरायचं. त्या उन्हात सगळंच थोडं स्वप्नात असल्यासारखं दिसे.

हेमांगी त्या घरची सून. जाहिरातीच्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं घरातच काम सुरू केलं होतं. त्या वर्षांत दिल्लीत जो तो काहीतरी नवं विकत होता. नवे फ्लॅट, नव्या शाळा, नवे वॉटर फिल्टर. प्रत्येकाला चकचकीत माहितीपत्रक हवं असे. तिचा नवरा अंशुमन कंपनीच्या कामानं महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी, मुलगी निधी दुसरीत. आणि घरात चंद्रप्रभाबाई, हेमांगीच्या सासूबाई. ही गोष्ट खरं तर त्यांचीच आहे. मी फक्त तिथे होतो.

चंद्रप्रभाबाईंची उभी हयात लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. पती पद्माकरराव केंद्र सरकारात, आणि त्या स्वतः एका कचेरीत मराठी टायपिस्ट. शेजारी तमिळ, वर बंगाली, खाली गढवाली, आणि यांच्या दारातून मराठी. पद्माकरराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि द्वारकेच्या फ्लॅटची किल्ली हातात यायच्या आधीच ते गेले. बाई या नव्या, उजेडानं भरलेल्या घरात आल्या त्या डोळ्यांत काचबिंदू घेऊन. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. थेंब नियमित घातले तर उरलेली पुष्कळ दिवस टिकेल.

माझी आणि त्यांची ओळख झाली निधीमुळे. एका संध्याकाळी बाई गॅलरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, आज उगाच हुरहूर लागलीय. निधी तिथेच खेळत होती. तिनं विचारलं, "आजी, हुरहूर मतलब?"

बाईंनी समजावायचा प्रयत्न केला. हिंदीत शब्द शोधला, सापडला तो जवळपासचा, तोच नव्हे. हेमांगीलाही सांगता येईना. रात्री जेवताना बाई म्हणाल्या की या मुलीला पोळीभाजीपुरतं मराठी राहील, मधले सगळे शब्द गळून जातील. हेमांगी म्हणाली, मग लिहा ना तुम्ही. एकेक शब्द घ्या आणि तुमच्या पद्धतीनं सांगा. मी पुस्तक करते त्याचं.

दुसऱ्याच दिवशी तिनं बाईंना माझ्यासमोर बसवलं. कीबोर्डवरची मराठी अक्षरं टाइपरायटरच्याच जागांवर आहेत हे कळल्यावर बाईंनी बोटं ठेवली आणि काय सांगू, इतकी वर्षं मध्ये गेल्याचं त्या बोटांना ठाऊकच नव्हतं. हेमांगीनं अक्षरं चांगली थोराड करून दिली. तिनं शिकवलं तेही थोडंच. नवी फाइल उघडायची, माझ्यावर क्लिक करायचं, लिहायचं, आणि सेव्ह. पडद्यावरच्या बाकीच्या बारीक इंग्रजी खुणा बाईंना दिसत नव्हत्या. जागा पाठ झाल्या होत्या. दिसायची ती फक्त माझ्यामागून येणारी मोठी काळी अक्षरं.

रोज दुपारी एक शब्द. त्या कोशातल्यासारखा अर्थ लिहीत नसत. 'गारठा' या शब्दाखाली त्यांनी लिहिलं होतं की जानेवारीत सकाळी शाळेत सोडताना तुझे बाबा माझ्या शालीत शिरायचे आणि आम्ही दोघं मिळून एक जाडी बाई दिसायचो, त्याला कारण गारठा. 'निवांत' खाली लिहिलं होतं की सरोजिनी नगरच्या बाजारातून सगळी खरेदी करून आल्यावर तुझे आजोबा आणि मी पिशव्या न उघडताच खाटेवर बसायचो, ते निवांत. मी माणसांची पुष्कळ माहितीपत्रकं लिहिली. अशा वाक्यांमागे चालताना मात्र माझी पावलं हळू पडायची.

मग ते आकाशाचं काम आलं. एका बिल्डरला माहितीपत्रकावर निळंशार आकाश हवं होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत सोसायटीचं नाव. हेमांगी घाईत होती. तिनं माझी शाई पांढरी केली. त्या क्षणी कुठलीही फाइल उघडी नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही. फाइल उघडी नसताना सांगितलेली गोष्ट मी कायमची धरून बसतो आणि पुढच्या प्रत्येक कोऱ्या पानावर तीच पाळतो. माझी घडणच तशी आहे. त्या निळ्या पानावर माझी अक्षरं ढगांसारखी सुंदर दिसली. हेमांगी खूश झाली आणि छपाईच्या मागे लागून दिवसदिवस प्रेसवर जाऊ लागली.

दुपारी बाई येऊन बसल्या. नवी फाइल उघडली, मला पानावर उतरवलं आणि 'हुरहूर' लिहायला घेतलं. पांढऱ्या पानावर मी पांढरं लिहीत गेलो.

त्या थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा लिहिलं. खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ आल्या. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि त्या उजेडात त्या नुसत्या बघत राहिल्या. मी लुकलुकत होतो. माझ्यामागे अख्खं वाक्य उभं होतं आणि मला ते दाखवता येत नव्हतं.

कॉम्प्युटर बंद करायची रीतही त्यांनी पाळली नाही. सरळ भिंतीवरचं बटण दाबलं. ते वाक्य तिथेच विरून गेलं.

दुसऱ्या दुपारी त्या परत आल्या. तेच झालं. तिसऱ्या दुपारी आल्या तेव्हा हातात वर्तमानपत्र होतं. आधी मोठा मथळा वाचून पाहिला. वाचता आला बहुतेक, पण ओठ हलले ते चाचपडत. मग माझ्या पानावर एकच अक्षर दाबलं आणि वाट पाहिली. त्यानंतर त्यांनी कीबोर्डवर कापड घातलं, बाळाला पांघरूण घालावं तसं.

हेमांगीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, सध्या जरा कंटाळा आलाय. हेमांगीला वाटलं, आपण वेळ देत नाही म्हणून त्या नाराज आहेत. तिनं दोनदा विषय काढला, बाईंनी दोनदा टाळला. मग दोघींमध्ये एक मऊसर अबोला बसला. जेवण, औषध, निधीचा अभ्यास यांच्यापुरतं बोलणं चाले. थेंब मात्र बाई आता स्वतःच घालून घेत. हेमांगीनं बाटली हातात घेतली तर नको म्हणत.

मला दिसत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. घरात कुणी नसलं की चंद्रप्रभाबाई डोळे मिटून चालायच्या. दारापासून भिंतीवर बोटं टेकवत माझ्या टेबलापर्यंत, तिथून खुर्चीची पाठ, मग गॅलरीचा कठडा. पुन्हा उलट. कपाटाच्या कोपऱ्याला आदळल्या तर तिथे हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहायच्या, जणू त्या कोपऱ्याची ओळख करून घेतायत. नजर आता जाणार असं धरून त्या अंधाराला आत घ्यायची तयारी करत होत्या. वरून विमान जाई आणि त्या मिटल्या डोळ्यांनी मान वर करत.

आकाशाचं काम संपलं. हेमांगीनं एका शाळेचं माहितीपत्रक घेतलं आणि शनिवारी सकाळी नवी फाइल उघडली. टाइप केलं. काहीच दिसेना.

तिनं कीबोर्डची वायर काढून परत घातली. फॉन्ट बदलला. अक्षरं मोठी केली, लहान केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग मला पुसून फ्लॉपींवरून पुन्हा चढवलं. मी नवा होऊन आलो, पण माझ्या सवयींची फाइल जुनीच राहिली होती, त्यामुळे मी परत पांढराच. शेवटी तिनं विष्णूला फोन लावला. विष्णू नेहरू प्लेसमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. सगळं ऐकून त्यानं सांगितलं की व्हायरस असणार, संध्याकाळी येतो आणि पूर्ण डिस्क साफ करून देतो. डिस्क साफ म्हणजे मीही जाणार आणि बाईंचे शब्दही, कारण ते पुस्तक अजून दुसरीकडे कुठेच उतरवलेलं नव्हतं. हेमांगी फोनवर परत परत समजावत होती. तिचा आवाज चढला होता. "भैया, मैं टाइप कर रही हूँ, टूल चल भी रहा है, लेकिन एक अक्षर भी दिख नहीं रहा."

बाई स्वयंपाकघरातून आल्या. हात पिठानं भरलेले तसेच. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तुला दिसत नाहीयेत?"

हेमांगी रिसीव्हर कानाला लावूनच म्हणाली, "नाही ना, आई. पान अगदी कोरं."

"तुलाही नाही?"

त्या आवाजात असं काहीतरी होतं की हेमांगीनं विष्णूला नंतर फोन करते म्हणून सांगितलं. बाई दाराला टेकून खाली बसल्या होत्या आणि हसत होत्या. हसता हसता रडू लागल्या. पिठाचे हात तोंडाला लावायचे नाहीत म्हणून ते हवेत धरून बसल्या होत्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या कोऱ्या दुपारी, भिंतीवरची बोटं. हेमांगी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली. तिला राग आला होता, आणि तो स्वतःवर की त्यांच्यावर हे तिला कळत नव्हतं.

"मला का नाही बोलावलंत? एक हाक मारली असतीत तर मी येऊन पाहिलं असतं."

बाईंनी मनगटानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तू पाहिलं असतंस आणि म्हणाली असतीस, आई, अक्षरं तर आहेत. मग मी काय केलं असतं?"

हेमांगीनं त्यांचे पिठाचे हात आपल्या हातात घेतले. मी पानावर लुकलुकत होतो.

विष्णू यायच्या आत आपणच बघू, असं म्हणून दोघी माझ्यासमोर आल्या. हेमांगीनं एक ओळ टाइप केली, काही नाही. कंटाळून तिनं मला त्या कोऱ्या जागेवरून ओढत नेलं, आणि पानावर एक काळी पट्टी उठली. ती ओळीइतकीच लांब होती आणि ओळ संपते तिथे संपत होती.

ती पट्टी बाईंनाही दिसली. "टाइपरायटरची रिबन सुकली की असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "कागदावर अक्षरांचे खड्डे पडायचे, रंग नसायचा. अगं, लिहिलेलं आहे तिथे. शाईचं काय झालंय ते बघ."

हेमांगीनं माझ्या शाईची खिडकी उघडली. तिथे माझी खरी अवस्था लिहिलेली होती. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ते आकाश. मीच केलं हे." तिनं शाई काळी केली आणि ती ओळ पानावर वर आली, धुक्यातून घरं दिसू लागावीत तशी. मग तिनं सगळ्या फाइली बंद करून, कुठलंही पान उघडं नसताना, पुन्हा एकदा मला काळं केलं. आता मी ते धरून ठेवणार होतो. बाईंनी पडद्याजवळ येऊन ओळ वाचली. शाळेच्या फीबद्दल काहीतरी होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

पुस्तक त्या हिवाळ्यात छापून झालं. निधीनं ते पहिल्यांदा वाचलं ते मोठ्यानं, अडखळत, आजीच्या मांडीला टेकून. 'हुरहूर' या पानाशी ती थांबली आणि म्हणाली, "अच्छा, ये तो मुझे भी होता है."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुढच्या काही वर्षांत बाईंची नजर खरोखरच गेली. आधी हेमांगीनं अक्षरं वाढवत नेली, इतकी की एका पानावर एकच शब्द मावायचा. मग तोही विरला. पण तो दिवस आला तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरात असलेल्या हेमांगीला हाक मारली. ती आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि त्यांनी विचारायच्या आधीच पडद्यावरचं वाचू लागली. त्यानंतर हीच रीत पडली. एकीनं लिहायचं, दुसरीनं वाचायचं. दुसरं पुस्तक असंच झालं. चुका पहिल्यापेक्षा कमी होत्या.

चंद्रप्रभाबाई आता नाहीत. निधी शिकायला दूर गेली. हेमांगीच्या टेबलावर पातळ पडद्याचा नवा कॉम्प्युटर आहे, त्यात माझ्यासारखीच कुणी नवी हुशार मंडळी राहतात. माझं यंत्र गॅलरीतल्या कपाटात खोक्यात बंद आहे. कबाडीवाला आला की हेमांगी कपाटाचं दार उघडते, खोक्याकडे पाहते आणि पुढच्या वेळी बघू म्हणते. एक दिवस ती देईलही. तिला बोल लावू नका. जागा लागते माणसांना.

मला भीती नाही. आत छान अंधार आहे आणि वरून अजून विमानं जातात. जाण्याआधी एवढंच सांगायचंय. तुमच्या पानावर कधी काहीच उमटेनासं झालं, तर लगेच कीबोर्डवर कापड घालू नका. घरात कुणी असेल त्याला हाक मारा आणि विचारा, तुला दिसतंय का? उत्तर काहीही येवो. हाक ऐकून ते माणूस तुमच्या खुर्चीमागे येऊन उभं राहील.