दशैंचा टिळा

बिपनाने तांदळात दही ओतलं, वर शेंदूर टाकला आणि सगळा राग बोटांत आणून ते कालवायला घेतलं. मुहूर्त टळत आला होता आणि सुबोधदाजूचा पत्ता नव्हता. सख्खा चुलतभाऊ, बांगलादेशातल्या चितगावच्या त्याच मेडिकल कॉलेजात तिच्या पुढे शिकणारा. पण हल्ली तिला पाहिलं की जिनाच बदलायचा. दशैं म्हणजे नेपाळचा दसरा, त्या सणालाही ही थेरं म्हणजे हद्द झाली होती.

भूपेनदाजूच्या भाड्याच्या खोलीत नेपाळची पोरंपोरी जमली होती. मटण रटरटत होतं. कपाटाच्या अंधारात पेरलेल्या जवाचे पिवळे कोंब, म्हणजे जमरा, चांगला वीतभर आला होता. भूपेनदाजू सगळ्यांत थोरला, सगळ्यांचाच दाजू म्हणजे दादा, म्हणून टिळा त्याच्या हातचा. पहिला बिपनाने घेतला. तेवढ्यात कुणीतरी सुबोधला दंडाला धरून आणलं.

“या, महाराज! पालखी धाडायला हवी होती का?” बिपना म्हणाली. “बस. टिळा घे.”

“मला नको.”

“नको म्हणजे?”

“ड्यूटी आहे गं. सोड.”

“ड्यूटी काय कपाळाने करतोस? भूपेनदाजू, लावा हो याला!”

भूपेनदाजूचा हात पुढे आला तसा सुबोध मागे सरला, भिंतीला टेकला आणि त्याने कपाळावर तळवा धरला. भांडण असो, ताप असो, दशैंचा टिळा कुणी नाकारत नाही. वर्षभरात ज्याच्या घरातलं माणूस गेलं, तोच नाकारतो. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“कोण?” बिपनाने विचारलं. दोघांचं घर एकच होतं.

“हजुरबा.” तो खाली बघत म्हणाला. “घटस्थापनेच्या आधीच. तुझ्या बांनी शपथ घातली होती. म्हणाले, परीक्षा होईपर्यंत पोरीला कळता कामा नये.”

“आजोबा माझे, आणि मी रडायचं कधी ते तुम्ही ठरवणार? सुतकात मी इथे नटून मटण शिजवतेय, ते बघवलं तुला?”

“नाही बघवलं. म्हणूनच तोंड चुकवत होतो.”

तिने ताटली भिरकावली. लाल तांदूळ भिंतभर उडाले. तिला सुबोधचा राग आला होता, आईचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त बांचा. रोज फोनवर ‘हजुरबा झोपलेत’ असं बिनदिक्कत सांगणाऱ्या बांचा. ओढणीने तिने कपाळ इतकं घासलं की चुरचुरायला लागलं.

फोन वाजला. बांचाच व्हिडिओ कॉल.

“आत्ता नको उचलूस,” सुबोध म्हणाला.

“का नको? चांगली ऐकवते त्यांना!”

पडद्यावर बा हसत होते. मुंडन दिसू नये म्हणून ठेवणीतली रंगीत टोपी कानांपर्यंत ओढलेली. आणि कपाळभर लालभडक टिळा, इतका ओला की दह्याचा ओघळ भुवईवर आलेला. ज्या मुलाने वर्षभर पांढऱ्याशिवाय काही अंगाला लावायचं नाही, त्याने बापाच्या सुतकात तो आपल्या हाताने लावला होता.

“काय गं, झाला का टिळा? आमचा बघ, केवढा थोरला!”

तिने पडद्यावरचा तो ओघळ अंगठ्याने पुसला.

“पुसा तो, बा,” ती म्हणाली. “आधी पुसा.”